केमोची चिठ्ठी हातात आली? पैसे भरण्याआधी हे करा

घरात कुणाच्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा निघाला, की पहिले दोन दिवस रडण्यात जातात आणि तिसऱ्या दिवसापासून पैशांची शोधाशोध सुरू होते. डॉक्टर सांगतात, एकवीस दिवसांनी एक अशा सहा किंवा आठ केमो द्याव्या लागतील. मग कुणी बचत गटाचे कर्ज काढतो, कुणी मुकादमाकडून उचल घेतो, कुणी गावाकडचे अर्धा एकर रान गहाण टाकतो. आईच्या कानातले मोडले जाते. पहिल्या दोन केमो या पैशावर होतात. तिसऱ्या-चौथ्या केमोला पैसा संपतो, तारीख चुकते, रुग्ण घरीच राहतो. आणि मग कधीतरी कुणीतरी म्हणते, "अहो, हे तर रेशन कार्डावर फुकट झालं असतं!"

नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांमध्ये हे वाक्य फार उशिरा कानावर येते. ते वेळेवर यावे म्हणून यावेळचे आरोग्य पान आम्ही फक्त केमोच्या औषधांच्या खर्चासाठी ठेवले आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मदतीच्या जवळजवळ सगळ्या योजना रुग्णालयाला पैसे देतात, घराला देत नाहीत. आणि त्या उपचाराआधी मंजूर व्हाव्या लागतात. खिशातून भरलेले बिल घेऊन नंतर कितीही खेटे घातले तरी ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून केमोची चिठ्ठी हातात आल्यापासून पहिले सलाईन लागेपर्यंतचे सात-आठ दिवस हे सगळ्यात मोलाचे दिवस आहेत. या दिवसांत सावकाराचे दार वाजवण्याआधी कागद गोळा करा.

रेशन कार्डावरची योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे आपले पहिले दार. तिची सुरुवात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी झाली. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. लातूरसह बाकीच्या जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. २०१७ मध्ये तिला जोतिबांचे नाव मिळाले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडली गेली.

पूर्वी पिवळे आणि केशरी कार्ड असलेल्यांनाच तिचा लाभ होता. मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांचा नंतर समावेश झाला. आता राज्यातील सर्व रेशन कार्डधारक कुटुंबांना ती खुली आहे. कुटुंबाची वर्षाची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख रुपये झाली आहे. ही मर्यादा सगळ्या घराला मिळून आहे. घरातल्या एकाने वापरली तरी तेवढी कमी होते, हे लक्षात ठेवा.

या योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, शेक म्हणजे रेडिएशन आणि केमो हे तिन्ही उपचार आहेत. केमोची पॅकेजे आजारानुसार आणि औषधांच्या जोडीनुसार ठरलेली असतात आणि पैसे प्रत्येक केमोमागे रुग्णालयाला मिळतात. औषध, सलाईन, तपासण्या, खाट आणि जेवण हे सगळे त्या पॅकेजात येते. योजना मंजूर झाल्यावर त्या केमोचे औषध तुम्ही बाहेरून विकत आणण्याचे कारणच नाही.

काय करायचे ते क्रमाने सांगतो.

१. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. केस पेपर काढला की डॉक्टरांच्या रांगेत बसण्याआधी एकजण त्या खिडकीवर जा.

२. रेशन कार्ड, रुग्णाचे आधार कार्ड, गाठीच्या तुकड्याचा म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची केमोची चिठ्ठी दाखवा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा.

३. आरोग्यमित्र नोंदणी करतो आणि रुग्णालय पूर्वपरवानगी मागते. परवानगी आली का, हे रोज विचारा. "होईल" या उत्तरावर परत येऊ नका. नोंदणीचा क्रमांक लिहून घ्या.

४. परवानगी येण्याआधी कुणी "आत्ता भरा, नंतर बघू" म्हणाले, तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर तिथूनच फोन लावा. आपल्या जिल्ह्यात कोणते रुग्णालय कोणत्या कॅन्सर उपचारासाठी योजनेत आहे, हेही याच क्रमांकावर विचारता येते.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त अडते ते नावावर. लग्नानंतर सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेले असते आणि सासरच्या कार्डावर चढवलेले नसते. आधारवर आडनाव एक, रेशन कार्डावर दुसरे. कुणाची ई-केवायसी राहिलेली असते. घर पुण्याला बांधकामावर किंवा ऊसतोडीला गेलेले असते आणि कार्ड गावी पेटीत. आजारी माणूस दवाखान्यात असताना तहसीलच्या चकरा मारणे फार कठीण जाते. हा अंक वाचून झाला की उठून आपले कार्ड काढा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव आधारशी जुळते का ते बघा. आजार नसताना हे काम दोन दिवसांचे आहे.

'बाहेरची चिठ्ठी' मिळाली तर

योजनेत दाखल असूनही कधीकधी हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी दिली जाते. त्याची कारणे दोन असू शकतात. एक, ते औषध पॅकेजात आहे पण रुग्णालयाच्या भांडारात संपले आहे. दोन, ते औषध पॅकेजात बसतच नाही. या दोन्हींतला फरक विचारून घ्या, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

भांडारात संपले असेल, तर ते मिळवून देणे रुग्णालयाचे काम आहे. शासकीय रुग्णालयांना स्थानिक खरेदीची सोय असते. आरोग्यमित्राकडे आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद टेबलावर राहतो.

औषधांच्या तुटवड्याचा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा औषधांच्या तुटवड्याची तक्रार सगळ्या राज्यात गाजली. तुटवडा नव्हता असे शासनाने सांगितले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. गरिबाला सरकारी भांडारातून औषध मिळते की नाही, हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. म्हणून चिठ्ठी हातात आली की गुपचूप पैसे काढायचे नाहीत. आधी विचारायचे.

जायचे कुठे?

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही आपली जवळची ठिकाणे. तपासणी, निदान आणि पुढे कुठे जायचे याचा सल्ला इथून सुरू करा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. गरीब रुग्णाला कोणत्या निधीतून मदत मिळेल ते बघणे हेच त्यांचे काम आहे. आपले लोक डॉक्टरांना भेटतात, नर्सला भेटतात, पण या माणसाला भेटत नाहीत. त्यांना जरूर भेटा.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हे मराठवाड्यासाठीचे मोठे सरकारी केंद्र आहे आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. लातूरकरांना बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडते. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहेच. तिथे जनरल गटातून नाव नोंदवले तर दर कमी असतात. खाजगी गटाचे कार्ड काढून नंतर गट बदलणे अवघड जाते, म्हणून पहिल्याच दिवशी नीट विचारून कार्ड काढा.

नांदेड, देगलूर, उदगीरकडची बरीच मंडळी हैदराबादला जातात. जाण्याआधी एक चौकशी करा. राज्याच्या योजनेतला लाभ राज्याबाहेरच्या प्रत्येक रुग्णालयात चालत नाही. केंद्राच्या आयुष्मान यादीत तुमच्या कुटुंबाचे नाव असेल तर दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात कार्ड चालू शकते. तुमचे नाव कोणत्या यादीत आहे, ते १४५५५ या क्रमांकावर कळते.

औषध योजनेत बसत नसेल तर

काही महागडी नवी औषधे पॅकेजात नसतात. अशा वेळी तीन दारे आहेत.

पहिले दार, धर्मादाय रुग्णालये. ट्रस्टची जी रुग्णालये धर्मादाय कायद्याखाली नोंदलेली आहेत, त्यांना कलम ४१ एए आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना बंधनकारक आहे. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड एवढे कागद लागतात. निर्धन रुग्णाच्या औषधाचा खर्च या निधीतून करता येतो, आणि तो छापील किमतीने नव्हे, रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायचा असतो. मोठी चकचकीत इमारत बघून "हे आपलं काम नाही" असे समजून मागे फिरू नका. दारावरच्या पाटीत 'ट्रस्ट' किंवा 'धर्मादाय' शब्द आहे का ते बघा आणि वैद्यकीय समाजसेवकाला विचारा. नकार मिळाला तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

दुसरे दार खास आपल्यासाठी आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखालच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानची वैद्यकीय साहाय्य योजना अनुसूचित जाती-जमातींच्या रुग्णांसाठी आहे. तिच्या नियमांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे आणि कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशनसाठी १ लाख ७५ हजार रुपयांपर्यंत मदत धरलेली आहे. पैसे थेट रुग्णालयाला जातात. अर्जासोबत रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला लागतो. खासदार किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्यांची शिफारस लागते. अशा योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात सध्याची स्थिती आणि चालू नमुना विचारून घ्या.

इथे जातीच्या दाखल्याचा मुद्दा येतो आणि तो आपल्या प्रत्येक घराने समजून घ्यावा. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या लोकांनी कागदावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिले. पण केंद्राच्या सवलतींसाठी बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना मान्यता मिळायला १९९० ची कायदादुरुस्ती यावी लागली. आजही नुसते 'बौद्ध' लिहिलेला कागद केंद्राच्या कामात अडतो. धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा वेगळा नमुना आहे, तो नमुना ७ म्हणून ओळखला जातो. त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख येतो. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आपण तो काढतोच. आई-वडिलांचाही काढून ठेवा. साठ वर्षांच्या आजीला कशाला दाखला, असे वाटते. पण आजीचा आजार दाखला काढायला थांबत नाही.

तिसरे दार म्हणजे मुख्यमंत्री सहायता निधी. कॅन्सर त्यातल्या आजारांत आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, निदानाचे रिपोर्ट आणि रुग्णालयाचे अंदाजपत्रक लावून अर्ज करायचा. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. जो उपचार जन आरोग्य योजनेत होतो त्यासाठी हा निधी नाही, आणि झालेल्या खर्चाची भरपाई तो देत नाही. यासाठी आता मंत्रालयात चकरा मारायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष सुरू झाले आहेत.

एकच औषध, किंमत वेगळी

आता समजा काही औषध विकत घ्यावेच लागले. तर हे माहीत असू द्या, की औषध तेच असले तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिब या गोळ्या बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने आपल्या शेजारच्या हैदराबादच्या नॅटको कंपनीला त्याच गोळ्या बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, आणि किंमत ठरली महिन्याला ८,८८० रुपये. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिवेक या औषधाचे नवे पेटंट नाकारले. ते औषध महिन्याला सव्वा लाखाच्या घरात जात होते, आणि त्याचेच जेनेरिक इमॅटिनिब दहा हजारांच्या आत मिळत होते. औषध तेच, रोग तोच. फरक होता तो मक्तेदारीचा.

सरकारलाही हे मान्य करावे लागले. २०१९ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापाऱ्यांचा नफा जास्तीत जास्त ३० टक्के ठरवला. त्यामुळे ५०० हून अधिक ब्रँडच्या किमती उतरल्या, काहींच्या तर ९० टक्क्यांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवनरक्षक औषधांवरचा पूर्ण काढला गेला. बिलावर किती टक्के लावले आहेत ते वाचा.

म्हणून खरेदीला जाताना:

- डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, मोठ्या अक्षरांत लिहून मागा.
- किमान तीन ठिकाणी भाव विचारा. रुग्णालयाचे मेडिकल, शहरातले घाऊक दुकान आणि जन औषधी केंद्र. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत आहे, त्याच्याखाली भाव करता येतो. केमोच्या औषधांत ही सूट कधीकधी निम्म्याहून अधिक असते.
- उलटीची गोळी, तोंडातल्या फोडांचे औषध, ताकदीची गोळी अशी सोबतची औषधे जन औषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. दर महिन्याला गळणारा पैसा इथे वाचतो.
- 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर मुलांकडून किंमत बघून घ्या.
- मोठी सरकारी आणि ट्रस्टची कॅन्सर रुग्णालये औषध एकत्र खरेदी करतात. टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने ४० औषधांची अशी सामूहिक खरेदी केली तेव्हा सुमारे ८२ टक्के बचत झाली. म्हणून तिथे उपचार घेत असाल तर औषध तिथल्याच भांडारातून घ्या.

काही इंजेक्शने थंड ठेवावी लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ वर जातो. असे औषध पिशवीत घालून एसटीने आणले तर पैसे गेले आणि औषधही गेले. बर्फाची पेटी मागून घ्या, नाहीतर रुग्णालयातच औषध द्यायला सांगा.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका

आपल्या लोकांना डॉक्टरांसमोर पैशाचे बोलणे कमीपणाचे वाटते. तसे काही नाही. घरची स्थिती माहीत असेल तर डॉक्टर उपचार त्याप्रमाणे आखू शकतात. हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या: एकूण किती केमो, कोणत्या तारखांना? एका केमोचा तपासण्या धरून खर्च किती? हे औषध योजनेत आहे का, नसेल तर योजनेत बसणारा आणि तेवढाच उपयोगी दुसरा पर्याय आहे का? आणि हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, की आयुष्य वाढवून त्रास कमी करण्यासाठी?

स्वस्त उपचार म्हणजे कमी दर्जाचा, असे समजू नका. गुटखा-तंबाखूने होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्या वस्त्यांत किती आहे ते सांगायला नको. हा आजार फार पुढे गेलेला असेल तेव्हाच्या रुग्णांवर टाटाच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन स्वस्त गोळ्यांचा अभ्यास केला. ४२२ रुग्णांचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दर तीन आठवड्यांच्या सलाईनच्या केमोपेक्षा गोळ्या घेणारे थोडे जास्त जगले आणि त्यांना त्रास कमी झाला. पुढे त्याच डॉक्टरांनी स्वस्त गोळ्यांसोबत निवोलुमॅब हे अतिमहाग इंजेक्शन नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिले. वर्षभरानंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ४३ टक्के आणि फक्त गोळ्यांवर असलेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे गरिबाला परवडेल असा उपचार शोधणारे डॉक्टर आपल्याच राज्यात आहेत. पण हा निर्णय डॉक्टरांचाच. घरी बसून गोळ्या अर्ध्या करणे, केमोत मनाने अंतर वाढवणे हे जीवावरचे काम आहे.

स्तनाच्या कॅन्सरच्या पुष्कळ भगिनींना केमो संपल्यावर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच-दहा वर्षे घ्यावी लागते. ही गोळी स्वस्त असते. तरी "आता बरं वाटतंय" म्हणून ती बंद होते आणि कर्ज काढून केलेल्या केमोवर पाणी पडते. ही गोळी चुकवू नका.

स्वस्ताच्या नावाखाली फसू नका

मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट कॅन्सर औषधांची टोळी पकडली. महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत दुसरेच औषध भरून विकले जात होते. म्हणून बिलाशिवाय औषध घेऊ नका. बिलावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळवा. औषध देऊन झाल्यावर रिकाम्या बाटलीवरचे लेबल फाडून टाका. "माझ्या ओळखीचा एजंट निम्म्या किमतीत देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा.

काढा, भस्म, अंगारा किंवा पाण्याने कॅन्सर बरा करतो म्हणणारेही वस्तीत फिरतात. कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे लोक पाच-दहा हजार घेतातच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे उपचाराचे दोन-तीन महिने वाया घालवतात.

गाडीभाडे आणि घरखर्च

केमो फुकट झाली तरी जाण्या-येण्यात घर मोडते. रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिले की कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या भाड्यात १०० टक्के सूट आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. नांदेडहून तपोवन, देवगिरी, नंदिग्राम आणि लातूरहून लातूर एक्स्प्रेस मुंबईला जातात. प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर जा. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे, आगारात विचारा. परळला उपचार असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर रुग्णांना आणि सोबतच्यांना अल्प दरात आसरा देते. जाण्याआधी जागेची चौकशी करा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराच्या रुग्णाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात. पंधराशेत केमो होत नाही, पण दूध, अंडी आणि रिक्षा होते.

विहारात एक फाईल

हे सगळे वाचून वाटेल, एवढे कागद, एवढी दारे, आजारी माणसाने करायचे कसे? खरेच आहे, ते एकट्या घराचे काम नाही. म्हणून प्रत्येक वस्तीला आमची विनंती आहे. आपल्या विहारात एक फाईल ठेवा. त्यात उत्पन्नाच्या दाखल्याला लागणाऱ्या कागदांची यादी, अर्जांचे कोरे नमुने आणि वर दिलेले फोन क्रमांक असू द्या. शिकलेल्या दोन तरुणांनी, त्यात एक मुलगी असावी, हे काम अंगावर घ्यावे. रुग्णासोबत खिडकीवर उभे राहणारे आणि लिहिता-वाचता येणारे एक माणूस असले, तर निम्मे काम तिथेच होते.

आणि भीमजयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा आजारपणासाठी बाजूला काढा. त्यातून कुणाची पूर्ण केमो करणे वस्तीला झेपणार नाही, तसा आग्रहही नको. तो पैसा योजनेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी वापरा: संभाजीनगरचे तिकीट, रात्रीचा मुक्काम, केमोआधीची रक्ततपासणी, मंजुरी येईपर्यंतचे दोन दिवस. केमोची तारीख चुकते ती बहुतेक वेळा अशाच हजार-दोन हजारांसाठी.

योजना आहेत, कायदा आहे, स्वस्त औषधही आहे. ते आपल्या घरापर्यंत पोचत नाही, कारण मधल्या खिडकीवर आपले कुणी उभे नसते. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबा आणि प्रत्येक घराचे रेशन कार्ड, आधार आणि दाखले तपासून घ्या. ज्यांचे अपुरे असेल त्यांची नावे फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.

जय भीम.